उशीवरून मान उचलता येते का?

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात महाप्रसादाची पंगत बसते, तेव्हा पुरी आणि वांग्याची भाजी वाढायला नुसती बादली घेतलेली माणसं पुरत नाहीत. रांगांच्या मधून ट्रॅक्टर-ट्रॉल्या फिरतात आणि स्वयंसेवक त्यातून वाढत पुढे सरकतात. वाढप कुठवर आलं हे पाहायला हजारो माना एकाच वेळी उजवीकडे वळतात. त्या क्षणी कुणी पंगतीतल्या ताटांऐवजी गळ्यांकडे पाहिलं, तर प्रत्येकाच्या मानेच्या डाव्या बाजूला, कानामागून छातीच्या मध्यापर्यंत तिरकी उतरणारी एक पट्टी उठून आलेली दिसेल. हडकुळ्या म्हाताऱ्यांच्या मानेवर तर ती लांबूनही मोजता येते.

वैद्यकशास्त्रात हा स्नायू स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. नाव एवढं लांबलचक की डॉक्टरही आपसात ‘स्टर्नोमॅस्टॉइड’वर भागवतात. मान दुखली की आपलं सगळं लक्ष मागे जातं: मणका, गादी सरकली का, एक्स-रे, गळ्यातला पट्टा. पुढच्या बाजूचा हा स्नायू उघड्यावर असून दुर्लक्षित राहतो. शुकदास महाराजांच्या रुग्णसेवेमुळे गावोगावचे लोक ज्या हिवरा आश्रमात दुखणी घेऊन येत राहिले, त्या परिसरात तरी त्याची ओळख घरोघरी असायला हरकत नाही. तान्ह्या बाळाची वाकडी मान, लेकराची धाप, सर्पदंश, फवारणीची विषबाधा आणि गळ्यातली गाठ, या सगळ्यांत घरच्या माणसाला डॉक्टरकडे पोचण्याआधी जे थोडंफार कळू शकतं, त्यातलं बरंच या पट्टीवरून कळतं.

ओळख करून घ्यायला आरसा पुरतो. हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवावी आणि डावा तळहात हनुवटीला लावून थोडा विरोध करावा. उजवी पट्टी ताठ होते. वर ती कानाच्या पाळीमागच्या टणक उंचवट्याला चिकटलेली असते. खाली तिची दोन मुळं असतात: एक छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या टोकावर, गोल आणि कडक, दुसरं गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आतल्या भागावर, चपटं आणि मऊ. या दोहोंच्या मध्ये बोटाचं टोक बसेल एवढा त्रिकोणी खळगा असतो. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मानेतून मोठ्या शिरेत नळी घालायची असते, तेव्हा भूलतज्ज्ञ हाच खळगा चाचपतात. आता सोबत सोनोग्राफी असते, पण बोट आधी तिथेच जातं.

पट्टीवर कातडीखाली आणखी एक कागदासारखा पातळ स्नायू पसरलेला असतो, प्लॅटिस्मा. दाढी करताना ओठ खाली ओढून गळ्याची कातडी ताणली जाते ती त्याच्यामुळे. त्याचं काम एवढंच. महत्त्वाचं आहे ते पट्टीच्या खालचं. मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी, रक्त परत आणणारी जुगुलर शीर आणि हृदयाची गती आवरणारी व्हेगस नस, तिघी पट्टीच्या आड एका वेष्टनात असतात. गळ्यावर नाडी लागते ती पट्टीच्या पुढच्या कडेला. म्हणून नाडी पाहताना किंवा मालिश करताना दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत. वयस्क माणसाला एका बाजूच्या जोरकस दाबानंही हृदयाची गती मंदावून घेरी येऊ शकते.

एकटी उजवी पट्टी आखडली की डोकं उजव्या खांद्याकडे झुकतं आणि चेहरा मात्र डावीकडे वळतो. हे उलटसुलट वाटतं, पण बाळाच्या बाबतीत तेच लक्षात ठेवायचं आहे. दोन्ही पट्ट्यांनी मिळून जोर लावला की मान पुढे वाकते. उताणं निजलेल्या माणसाला उशीवरून डोकं उचलायचं तर मुख्य जोर यांचाच. शिवाय मान स्थिर धरून त्या छातीचा पिंजरा वर उचलू शकतात, म्हणजे धापेच्या वेळी श्वासाला हातभार लावतात. त्यांना हुकूम देणारी नस मेंदूच्या बारा जोड्यांतली अकरावी. तीच पुढे खांदा उचलणाऱ्या स्नायूलाही जाते.

जाता जाता बैलाचं. बैलाला गळ्याखालचं आडवं हाड नसतं, त्यामुळे आपल्यात त्या हाडाला धरणारा भाग त्याच्यात डोक्यापासून थेट पुढच्या पायाच्या हाडापर्यंत गेलेला असतो आणि पाऊल पुढे टाकायला कामी येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी त्याच्या मानेखांद्याला तूप-हळद चोळून शेकतो. स्वतःच्या मानेसाठी घरात असा एकही दिवस राखलेला नाही.

आता बाळ. जन्मतः सगळं ठीक असतं. दोन-तीन आठवड्यांनी न्हाऊ घालताना आजीच्या हाताला बाळाच्या मानेत, तिरक्या पट्टीच्या मध्यभागी, सुपारीएवढी कडक गाठ लागते. थोड्याच दिवसांत बाळ एकाच बाजूला मान कलती ठेवतं हे ध्यानात येतं. घर घाबरतं. गाठ म्हणजे काहीतरी वाईट, अशी पहिली शंका. दृष्ट लागली, ही दुसरी. प्रत्यक्षात हा जन्मजात मानवक्रतेचा प्रकार असतो: गर्भात मान एकाच स्थितीत दबून राहिल्यामुळे किंवा अवघड बाळंतपणात ताण बसल्यामुळे पट्टीचा तो भाग तंतुमय आणि आखूड होतो. पायाळू बाळांत तो जास्त दिसतो. बहुतेक गाठी काही महिन्यांत आपोआप विरतात. आखूडपणा मात्र तसाच राहू शकतो, आणि मग बाळाचं डोकं एका बाजूनं चपटं होतं, पुढे चेहऱ्याच्या दोन बाजू असमान वाढू लागतात.

वेळ फार महत्त्वाची आहे. पहिल्या तीन महिन्यांत ताणाचे व्यायाम सुरू झाले तर बहुसंख्य बाळं शस्त्रक्रियेविना बरी होतात. वर्ष उलटल्यावर आलेल्यांत शस्त्रक्रियेची पाळी जास्त येते. महाराष्ट्रातल्या खेड्यांना इथे एक आयती सोय आहे. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून पुढे आली आणि देशभर गेली. गाठ दिसू लागते ती साधारण चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसांच्या दरम्यान. त्या भेटींत आईनं एकच करावं: बाळाला उताणं ठेवून मान दोन्ही बाजूंना सारखी वळते का ते आशाताईला दाखवावं.

समजा, उजवी पट्टी आखूड आहे. बाळाचं डोकं उजवीकडे कलतं, हनुवटी डावीकडे. त्याला उजवीकडे पाहणं जड जातं, म्हणून पाहण्यासारखं सगळं उजवीकडे ठेवायचं: खिडकीचा उजेड, पाळण्यावरची चिमणाळी, आईचा चेहरा. पाजताना कुशीत अशा बाजूनं घ्यावं की त्याला उजवीकडे वळूनच प्यावं लागेल. जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथं घालावं. झोपवताना मात्र उताणंच. ताणाचे दोन प्रकार आहेत: हनुवटी हळूच उजव्या खांद्याकडे वळवणं आणि डावा कान डाव्या खांद्याकडे नेणं. ते फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली एकदा शिकूनच घरी करावेत. बाळ रडून अंग ताठ करत असेल तर ओढू नये.

आणि आजीबाईंना विनंती अशी की, गाठ जिरवायला तेल लावून अंगठ्यानं रगडू नये. डोकं गोल बसावं म्हणून मोहरीच्या उशीत दोन्ही बाजूंनी घट्ट बसवण्याची रीत आहे, तीही या बाळासाठी गैरसोयीची. त्याला मान हलवायलाच हवी आहे. अशा बाळांपैकी काहींच्या खुब्याचा सांधाही नीट बसलेला नसतो, म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर खुबा तपासायची आठवण करावी.

वाकडी मान जन्मानंतर पुष्कळ उशिरा, धडधाकट मुलात अचानक आली तर हे सगळं लागू नाही. ताप, घसा धरणं, लाळ गळणं सोबत असेल तर घशामागे पू झालेला असू शकतो. डोळा तिरळा असला तर मूल नीट दिसावं म्हणून डोकं कलतं ठेवतं. सकाळच्या उलट्या आणि तोल जाणं सोबत असेल तर मेंदूची तपासणी लागते. यांपैकी एकाही बाबतीत मालिश करत बसू नये.

मान अचानक पिळवटण्याचं आणखी एक कारण खेड्यात हमखास चुकीच्या दाराशी नेतं. उलट्या होतात म्हणून कुणीतरी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन या जातीचं औषध देतं. एखाद-दोन दिवसांत, विशेषतः मुलांना आणि तरुण मुलींना, मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर जातात, जबडा आणि जीभ वाकडी होते. मुलगी शुद्धीत असते, सगळं ऐकत असते. घरचे म्हणतात, अंगात आलं. कुणी फिट म्हणतं. हा औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे. प्रोमेथाझिनसारख्या औषधाचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सुटते. जवळच्या दवाखान्यात जाताना आधीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्यावं, एवढीच खबरदारी. अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेली ती रात्र त्या मुलीला विनाकारण भोगावी लागते.

मोठ्यांच्या दुखण्याबद्दल थोडक्यात. सकाळी उठल्यावर मान धरली, असं आपण म्हणतो तेव्हा दोष बहुतेक वेळा स्नायूंचा असतो, मणक्याचा नव्हे. मोबाइल कान आणि खांद्यात दाबून मोटारसायकल चालवणं हा प्रकार मेहकर-चिखली रस्त्यावर किती दिसतो ते सांगायला नको. सोयाबीनचा कट्टा एकाच खांद्यावर मानेला टेकवून वाहणारे हमाल, डोक्यावर गवताचा भारा असताना बाजूला वळून बोलणाऱ्या बाया, उंच दोन उशा घेऊन टीव्ही पाहणारे आजोबा, सगळ्यांची पट्टी तासन् तास आखडून राहते. जॉन केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूंमधल्या दुखऱ्या बिंदूंचे नकाशे काढले. त्यांत या स्नायूचं दुखणं मानेत कमी आणि कपाळावर, डोळ्याभोवती, कानामागे जास्त दाखवलं आहे. अर्धशिशी म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्यांपैकी काहींनी एकदा पट्टी चाचपून पाहायला हरकत नाही: डोकं त्याच बाजूला किंचित कलतं करावं, पट्टी सैल पडली की अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली यावं. एखाद्या जागी दाबल्यावर ओळखीची डोकेदुखी जागी झाली तर फिजिओथेरपिस्टला ती जागा दाखवावी.

घरी करण्यासारखं: पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, मग हनुवटी सरळ मागे नेऊन पाच आकडे थांबणं, आणि दुखेल तिथवरच दोन्ही बाजूंना हळू वळणं. दिवसभर झोपून राहिलं तर मान उलट जास्त आखडते. डोक्यावर ओझं न्यायचंच असेल तर चुंबळ मधोमध, नजर समोर, आणि ओझं चढवायला-उतरवायला दुसऱ्याचा हात. दुखापत जास्त करून चढवता-उतरवतानाच होते. डोक्यावर वाहण्याची कला मात्र कमी लेखू नये. 1986 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांश ओझं डोक्यावर घेऊन चालताना त्यांची जादा ऊर्जा जवळजवळ खर्चच होत नव्हती. ते कसब लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. शहरातून सुट्टीला आलेल्या सुनेनं पहिल्याच दिवशी हंडा उचलून ते येत नाही.

दाढीनंतर न्हाव्याकडून मान मोडून घेणं कटाक्षानं बंद करावं. कटकन आवाज येतो, बरं वाटतं. पण त्या झटक्यात मानेतल्या धमनीला आतून चीर पडून पक्षाघात झाल्याची, किंवा श्वासपटलाची नस दुखावून दम लागू लागल्याची प्रकरणं आपल्या देशातही झाली आहेत. हाताला मुंग्या, पकड ढिली होणं, अपघातानंतरची मानदुखी, किंवा ताप-उलटीसह ताठ झालेली मान असेल तर शेकत बसू नये.

श्वासाकडे वळू. निवांत बसलेल्या माणसाच्या श्वासात या पट्ट्या भाग घेत नाहीत. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात फुंकणी फुंकलेल्या एखाद्या काकू बोलता बोलता थांबतात, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतात, आणि प्रत्येक श्वासाला त्यांच्या पट्ट्या ताठ होतात, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो. फुप्फुसांना एकट्यानं झेपत नसल्यामुळे मान कामाला लागलेली असते. बसल्या जागी असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बोलताना एक वाक्यही पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर 108 ला फोन लावावा; ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे.

तान्ह्या बाळात हीच गोष्ट वेगळी दिसते: प्रत्येक श्वासाबरोबर डोकं वरखाली डुलतं. आई म्हणते, मान डोलावतोय. न्यूमोनियात ती धोक्याची खूण आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असले, किंवा छाती आत ओढली जात असली, तर दवाखाना. ज्यांना मोजता येत नाही अशा दाया आणि आरोग्यदूतांसाठी बंग दांपत्यानं गडचिरोलीत मण्यांचं श्वासमोजणं तयार केलं होतं. त्यांचं काम त्यावर अडलं नाही, तर घड्याळ आणि मोबाइल हाताशी असलेल्या घरानं अडायचं कारण नाही.

आता या लेखाच्या शीर्षकातला प्रश्न. आपल्या भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, घरचे अपचन समजतात. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, आणि मान लुळी पडते: उताणं निजवलेल्या माणसाला ‘डोकं उशीवरून उचल’ म्हटलं तर तो उचलू शकत नाही. मण्यारीचं आणि नागाचं विष नस आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. आधी डोळ्यांचे बारीक स्नायू, मग घसा आणि मान, शेवटी श्वासाचे स्नायू. म्हणजे मान पडली की श्वास जायला फार वेळ उरलेला नसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरही भूलतज्ज्ञ हेच पाहत आले आहेत: स्नायू ढिले करणारं औषध उतरलं का, हे तपासायला ते रुग्णाला डोकं उचलून पाच सेकंद धरायला सांगतात.

ही खूण दिसण्याची वाट मात्र पाहायची नाही. साप चावल्याचा संशय आला, किंवा जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठला, की चावलेला भाग न हलवता थेट मेहकर, चिखली किंवा बुलढाण्याचं सरकारी रुग्णालय. चीर देणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे सगळं वेळखाऊ. उपाय प्रतिसर्पविषाच्या इंजेक्शनचा, आणि मान पडलीच तर कृत्रिम श्वासाच्या यंत्राचा. वाटेत लाळ साचू लागली तर रुग्णाला कुशीवर वळवावं, आणि पापण्या केव्हा पडल्या, मान केव्हा उचलता येईनाशी झाली, या वेळा लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगाव्यात. ग्रामीण भागात राहून विंचू आणि साप यांच्या दंशावर जगभर मान्य झालेलं काम करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे बुलढाण्याला लागूनच असलेल्या जालना जिल्ह्यातले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

फवारणीची गोष्ट याहून फसवी आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा या विषाकडे राज्याचं लक्ष गेलं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या औषधाची बाधा झाली की घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणं तासा-दोन तासांत दिसतात. उपचारांनी ती ओसरतात, माणूस बोलू लागतो, घरचे सुट्टीचा धोशा लावतात. आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना दुसरा झटका येतो: मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. 1987 साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी हा टप्पा स्पष्टपणे मांडला. त्यात सर्वांत आधी जाणवतं ते हेच की, रुग्णाला उशीवरून डोकं उचलता येत नाही.

म्हणून कितीही बरं वाटत असलं तरी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरी आणू नये. खाटेजवळ बसणाऱ्यानं दर काही तासांनी त्याला डोकं उचलायला सांगावं, आणि काल उचलत होता तो आज उचलत नसेल तर लगेच नर्सला हाक मारावी. हे करायला शिक्षण लागत नाही, यंत्र लागत नाही. बाटलीवरचं लेबल, किंवा निदान त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, रुग्णालयात न्यावा. विष कोणत्या जातीचं ते त्यावरून ठरतं.

शेवटची गोष्ट गाठींची. मानेतल्या लसिकागाठींची मोठी साखळी या पट्टीच्या आडूनच वर-खाली गेलेली असते. सर्दी-घशात त्या सुजतात, दुखतात आणि जातात. दोन-तीन आठवड्यांनंतरही राहिलेली, न दुखणारी, वाढत जाणारी, एकमेकींना चिकटलेली गाठ क्षयाची असू शकते. सुईनं नमुना घेऊन निदान होतं, आणि सरकारी रुग्णालयात औषध फुकट मिळतं. ते सहा महिने पुरं घ्यायचं असतं.

तंबाखू-चुना, गुटखा किंवा खर्रा घेणाऱ्याच्या मानेतली टणक गाठ तोंडाच्या कर्करोगाची असू शकते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पानटपरीवर काय मिळतं ते सर्वांना माहीत आहे. तोंडात दोन आठवडे न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा असेल तर पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या कडेनं, कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत, बोटांच्या पेरांनी चाचपून पाहावं.

गाठ लागत नसली तरी कर्करोग मानेत शिरलेला असू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी नेमका हा प्रश्न हाती घेतला: तोंडाचा लवकर सापडलेला कर्करोग काढताना त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढाव्यात, की त्या दिसेपर्यंत थांबावं? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पहिल्याच वेळी मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. तेव्हा डॉक्टर ‘गाठ नाही, तरी मानेचं ऑपरेशनही करू’ म्हणाले तर ते पैसे वाढवायचा डाव आहे असं समजू नये.

1906 साली अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी मांडलेल्या शस्त्रक्रियेत गाठींबरोबर स्टर्नोमॅस्टॉइड, जुगुलर शीर आणि अकरावी नस सगळंच काढून टाकत. आता शक्य तिथे तिन्ही वाचवतात. नस पट्टीच्या मागच्या कडेतून बाहेर पडून कातडीच्या अगदी जवळून खांद्याकडे जाते. म्हणूनच गावात कुणाकडूनही गाठ ‘छोटीशी चीर देऊन’ काढून घेऊ नये; ती नस कापली गेली तर खांदा लोंबतो आणि हात डोक्यापर्यंत नेऊन केस विंचरणं जमत नाही. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर असं होत असेल तर पहिल्याच फेरतपासणीत सांगावं आणि खांद्याचे व्यायाम तेव्हाच विचारून घ्यावेत. तुटलेली नस जोडायची झाली तर पहिल्या काही महिन्यांत जोडण्याचा फायदा जास्त होतो.